आबा काय लावणार?

गोराईचे आबा देवाला घाबरत, बायकोला त्याहून घाबरत. पण यंदा वाडीत काय लावणार असं विचारलं, की दोघांच्याही समोर धडधडीत खोटं बोलत. आबांचा अंदाज चुकत नाही अशी ख्याती होती, त्यामुळे शेजारी त्यांची नक्कल करायला टपलेले असत. बियाण्याच्या दुकानात आबा मोठ्याने ‘यंदा नुसता मुळा!’ म्हणत, आणि सगळे पांगले की वांग्याचं बी घेऊन घरी येत.

मी बोरिवलीची. रविवारी खाडी ओलांडून त्यांच्याकडे भाजीला जायची. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. “बाय, कुणाला बोलू नको, भेंडी लावतोय.” मी अर्थातच बोटीत सगळ्यांना सांगितलं. त्या हंगामात गावभर भेंडी झाली आणि मातीमोल विकली गेली. आबांच्या वाडीत दुधी लटकत होता. माझ्या तोंडाचा इतका चांगला उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

“गेल्या वर्षी जिने भाव खाल्ला ती भाजी यंदा सगळेच लावणार,” ते म्हणत. “आपण तिच्या वाटेला जायचं नाय.” एकाच वाफ्यात तेच पीक लागोपाठ घेत नसत, जमिनीलाही कंटाळा येतो म्हणे. नवं काही असलं, तर आधी एकाच तुकड्यात.

आबांच्या मुलाला मात्र लग्नांसाठी भाड्याने द्यायला हिरवळ हवी होती. “गवत? खाणार कोण?” आबा हसले, तरी रस्त्याकडचा तुकडा दिला. त्या थंडीत गवताने वांग्यांपेक्षा जास्त कमावलं. आबांनी दोन दिवस बसून हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. मग स्वतःच अर्धी वाडी गवताला दिली. आबांचे गुडघे गेले तेव्हा सगळीच वाडी गवताखाली गेली, आणि आबा मुलाच्या बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये आले. मला त्या मुलाचा भयंकर राग आला होता.

पण शेजाऱ्यांची खोड जाते कुठे? रस्त्याभर हिरवळी झाल्या आणि भाडं कोसळलं. आबा अंथरुणाला खिळले होते, मी भेटायला गेले होते, तेव्हा मुलगा त्यांच्या उशाशी येऊन बसला.

“आबा, आता काय लावू?”

किती दिवसांनी त्यांचे डोळे चमकले! “आधी या बायला बाहेर पाठव.”

त्याच महिन्यात आबा गेले. नंतर मी गोराईला गेले, तर गवत उखडलेलं होतं आणि मुलगा घाईघाईने वाडीचं फाटक लावत होता. कोपरापर्यंत हात चिखलाने भरलेले.

“काय लावलंस रे?”

“काय नाय ताई. अजून ठरलंच नाय.”

आबा गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले.