दहा मिनिटांचं चार्जिंग

अशरफियेच्या चढावरच्या त्या पाचमजली इमारतीत प्रत्येक घरात जनरेटरची वायर आलेली होती. आली नव्हती ती फक्त तिसऱ्या मजल्यावर, नबीह शलहूबच्या घरी. बैरूतमध्ये जनरेटरशिवाय राहणारा माणूस एक तर कंगाल असतो, नाहीतर डोक्याने गेलेला. नबीह कंगाल नव्हता. टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं लाइनमन होता तो, हातात कसब होतं, पेन्शन जेमतेम का होईना पण येत होती. मग लोकांनी दुसरं कारण धरलं आणि विषय संपवला. लोकांचं काय जातं!

अंगणातला जनरेटर चालवायचा तन्नूस. तो नबीहला अम्मो, म्हणजे काका म्हणायचा, आणि दर महिन्याला जिन्यात गाठून सांगायचा, "अम्मो नबीह, घ्या की वायर! मेणबत्तीच्या उजेडात कॉफी उकळता, मला बघवत नाही."

"मग बघू नकोस," नबीह म्हणायचा. एवढंच. पुढे बोलायला जागाच ठेवायचा नाही.

त्या घरात नबीह आणि त्याची धाकटी बहीण अफाफ, दोघंच. अफाफ बावन्न वर्षांची. स्वयंपाक उत्तम करायची, द्राक्षाच्या पानांच्या बोटभर गुंडाळ्या अशा वळायची की बघत राहावं. पण खाली जनरेटर सुरू झाला की ही बाई हातातलं टाकून भिंतीला पाठ लावून बसायची. दात वाजायचे, बोलणं बंद. वर्षानुवर्षं हे असंच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, सेंट रीताला नवस झाले.

मग चार वर्षांपूर्वी माँत्रेयालहून भाची मिरेईने तो हेडफोन पाठवला. चांगला भारीतला, दोन्ही कान पूर्ण झाकणारा, वायर नसलेला. बटण दाबलं की बाहेरचा आवाजच मरतो. अफाफने तो घातला, खाली तन्नूसने हँडल मारलं, आणि ती भांडी घासत राहिली. नबीह न्हाणीघरात जाऊन रडला. लपवायचं कशाला? ढसाढसा रडला.

पण त्या आवाज मारण्यालाही वीज लागते, आणि वीज तर नबीहच्या घरात फक्त सरकारची. ती दिवसातून तास-दोन तास यायची, तीही कधी येईल ते देवालाच ठाऊक. आणि आली की आधी असा झटका मारायची की जोडून ठेवलेली वस्तू जळायची. एक चार्जर असाच काळाठिक्कर पडला होता. म्हणून नबीहचा नियम ठरलेला. काहीही आधीपासून जोडायचं नाही. दारावर एक छोटा हिरवा दिवा लावलेला, तो पेटला की वीज आली. पाच मिनिटं थांबायचं, आणि मगच वायर लावायची. आधी हेडफोनला, मग पॉवर बँकेला. चार्जिंग चालू असताना हेडफोन आवाज मारत नाही, तेव्हा जनरेटर बंद असतानाच ते उरकून घ्यायचं. जनरेटर पहाटे आणि दुपारी दोन तास विसावा घ्यायचा. नवा होता तेव्हा हेडफोन तीस तास चालायचा, आता एक दिवस कसाबसा. पण दहा मिनिटं वायर लावली तरी तीन तास निघायचे. नबीहला हे सगळं पाठ होतं.

त्या मंगळवारी दोन दिवस झाले, हिरवा दिवा पेटलाच नव्हता. पॉवर बँक सकाळीच रिकामी झाली. वरच्या मजल्यावर सिहामकडे सौर पॅनल होते, अडीअडचणीला ती नाही म्हणायची नाही. पण सिहाम लग्नाला गावी गेलेली, दाराला कुलूप. दुपारी चारला जनरेटर सुरू झाला, आणि साडेचारला अफाफने कानावर हात ठेवून नबीहकडे पाहिलं. हेडफोनची बॅटरी संपली होती.

त्याने तिला न्हाणीघरात नेलं. ते घराच्या अगदी आत, खिडकी नसलेलं. कानात कापूस घातला, वर शाल गुंडाळली. तिचे दात वाजायला लागले होते.

"दहा मिनिटं," तो तिच्या चेहऱ्यासमोर बोटं धरून म्हणाला. "दहा मिनिटांत आलो."

दारात त्याचा पाय क्षणभर अडला. पस्तीस वर्षांत तो अंगणातल्या जनरेटरजवळ गेला नव्हता. मग हेडफोन आणि वायर घेऊन तो खाली उतरला.

तन्नूस डोळे फाडून बघतच राहिला. "अम्मो? तुम्ही? इथे?" तो कानाशी येऊन ओरडला.

"दहा मिनिटं लावू दे. दोन दिवस सरकारची वीज नाही."

"नाही कशी? काल दुपारी दीड तास होती! परवासुद्धा!"

"माझा दिवा पेटला नाही."

"मग दिवा उडाला असेल, दुसरं काय!"

अडतीस वर्षं लोकांच्या लाइनी तपासल्या नबीहने, आणि घरातला एक दिवा तपासला नाही. अरे गाढवा, तो स्वतःलाच म्हणाला. त्याने वायर लावली आणि जनरेटरशेजारी उभा राहिला. डिझेलचा तोच वास.

पस्तीस वर्षांपूर्वी, युद्धाच्या दिवसांत, याच अंगणात त्याचा स्वतःचा जनरेटर होता. इमारतीतला पहिला. नबीह सव्वीस वर्षांचा, भलता खूश. डिझेल ओतत उभा होता आणि पलीकडून तोफगोळे पडायला लागले. सगळे तळघरात पळाले. आईने खिडकीतून हाका मारल्या, पदर हलवावा तसा टॉवेल हलवला. त्या घरघरीत त्याला काही ऐकू आलं नाही. शेवटी आईच त्याला आणायला खाली उतरली. अंगणाच्या दारापर्यंत पोहोचली, आणि तिथेच गोळा पडला. मागे जिन्यावर सतरा वर्षांची अफाफ उभी होती, तिने सगळं पाहिलं. नबीहला खरचटलंही नाही. आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर त्याने तो जनरेटर विकून टाकला आणि शपथ घेतली, ह्या यंत्राची वीज पुन्हा घरात नको. अफाफने त्याला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. ते त्याला जास्त जड जायचं.

चार मिनिटं झाली असतील. कोणीतरी त्याची बाही ओढली.

अफाफ होती. पायात घरच्या सपाता, कानात कापूस नाही, शाल जिन्यात कुठेतरी गळालेली. सगळं अंग थरथरत होतं, तोंड हलत होतं. नबीहला एक अक्षर ऐकू येईना.

"काय? अगं काय?"

तन्नूसने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दांडा खाली ओढला. जनरेटर धडधडत थांबला. अख्खी आळी बंद पडली. गच्च्यांवरून शिव्या सुरू झाल्या, कोणाची लिफ्ट अडकली, कोणाचं धुणं. "गप बसा रे!" तन्नूस वर बघून गरजला. "दोन मिनिटांत मरत नाही कोणी!"

त्या शांततेत अफाफचा आवाज ऐकू आला.

"किती हाका मारल्या तुला. तुला ऐकूच जात नाही. म्हटलं, आई खाली उतरायच्या आत मीच जाते."

ज्या आवाजाने ती पस्तीस वर्षं भिंतीला चिकटून बसली, त्याच्यापाशी ती तीन मजले उतरून आली होती. नबीहला न्यायला.

"आलो," तो म्हणाला. "हा बघ, आलो."

त्याने वायर काढली. तासभर चालेल एवढं चार्जिंग झालं होतं. हेडफोन तिच्या कानांवर घालायला गेला, तर तिने त्याचा हात धरला. "आता नको. आधी तू वर चल."

जिन्यापाशी तो तिला वाट द्यायला बाजूला झाला. तिने मान हलवली.

"तू पुढे हो," अफाफ म्हणाली, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून मागून चढू लागली. वर दाराची कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत तन्नूसने जनरेटर सुरू केला नाही.