माझंच बघा ना

समोरच्याने तोंड उघडलं की साहेब आधी केसांवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "माझंच बघा ना." तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. आपण ताप सांगावा, तर ते त्यांचा टायफॉइड सांगणार.

कारखान्याच्या ऑफिसात मी त्यांच्या हाताखाली आणि नगरा मोहल्ल्यात त्यांच्या शेजारी. सुटका कुठेच नव्हती. माझी आई गेली तेव्हा भेटायला आले आणि स्वतःच्या आईच्या अंत्ययात्रेला किती माणसं लोटली होती, ते सांगत बसले. माझी बायको चहाचा कप हातात धरून ऐकत उभी. शेवटी ते निघाले तेव्हा मीच त्यांना धीर दिला.

स्वतःवर प्रेम कोण करत नाही? आपणही आरशात डोकावतोच. साहेबांना मात्र समोरच्या प्रत्येक माणसात आरसाच दिसायचा. त्यातल्या त्यात हक्काचा आरसा म्हणजे त्यांची बायको, आमच्या वहिनी. तीच ती गोष्ट त्या दरवेळी नव्याने ऐकल्यासारखी ऐकायच्या. "मला तेलकट सोसत नाही," म्हणून साहेबांनी घरातलं तळण बंद केलेलं. मी शहरातल्या दतिया गेटहून कचोरी आणली की वहिनी आमच्या ओट्याशी उभ्या उभ्या खायच्या. "भैया, यांना बोलू नका हं," म्हणायच्या आणि पदराने तोंड पुसून घरी जायच्या.

मागच्या महिन्यात वहिनी गेल्या. मूलबाळ नाही, म्हणून सगळं साहेबांनीच केलं. दहाव्याला बेतवा नदीच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द द्यायचा असतो. साहेबांनी हात जोडले.

"मी तब्येत सांभाळीन."

झाडावरचे कावळे हलले नाहीत.

"मी वेळेवर जेवीन. माझी काळजी करू नकोस."

एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी नुसता थकवा आला.

गुरुजी इथल्याच जुन्या मराठी घरातले, हिंदी मिसळून बोलणारे. ते म्हणाले, "साहेब, अपनी छोड़िए. वहिनींना काय आवडायचं, वो बोलिए."

साहेबांचा हात सवयीने केसांकडे गेला. केस सकाळीच उतरवलेले. हात तसाच डोक्यावर ठेवून ते माझ्याकडे वळले.

"हिला काय आवडायचं हो?"

इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्याबद्दल विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी कचोरीचं सांगितलं.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले. मग पुटपुटत त्यांनी कचोरीचा शब्द दिला. तरीही कावळा आला नाही. ऊन चढलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही परतलो.

आता साहेब रोज सकाळी रिक्षाने दतिया गेटला जातात आणि कचोरी आणून कुंपणाच्या भिंतीवर ठेवतात. काल मला हाक मारली.

"माझंच बघा ना. मी ठेवली की लगेच येतो."

कावळा खरंच आला होता. मी "बघितलं," म्हणालो. एवढ्यावर ते खूश होतात, हे मला पाठ आहे. पण ते तिथेच उभे राहिले.

"खातेय ना हो ती?"

मी हो म्हणालो. ते डोक्यावरून हात फिरवत होते. केस अजून नीट आले नव्हते.