शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

समजा, उद्या सकाळी तुम्हाला एक चांगली चालती गाडी मुद्दाम घसरवायची आहे. चुकून नव्हे, डुलकी लागून नव्हे. ठरवून, वळणावर मागच्या चाकांची पकड सोडवून, तोंड एकीकडे आणि प्रवास दुसरीकडे, असं आडवं जायचं आहे. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. आता सांगा, बॅगेत काय भराल? हेल्मेट म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. पण त्याआधी गाडीतून काय काय काढाल, हा खरा प्रश्न. गाडी गिरकी घेते तेव्हा साधी पाण्याची बाटलीसुद्धा दगडासारखी लागते. सीटखालचं नाणं, दाराच्या कप्प्यातला पाना, आरशाला लटकवलेली बाहुली, सगळं बाहेर काढावं लागतं.

ताईच्या गाडीतून शनिवारी दुपारपर्यंत हे सगळं निघालं होतं. मागची सीट भिंतीला टेकून उभी होती. बॅटरी पट्टीने आवळून झाली होती. चाकांच्या प्रत्येक नटावर तिने पांढऱ्या रंगाची रेघ ओढली होती, म्हणजे नट ढिला झाला तर रेघ मोडलेली दिसते. हौशी लोकांचा मेळावा असला तरी तिथे सकाळी सातला तपासणी होती आणि तपासणारे कोणाच्या मामाचे नव्हते.

राहिला होता फक्त शेजारच्या सीटपुढचा ब्रेक.

ताई सत्तेचाळीस वर्षांची. वडिलांनी काढलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती बावीस वर्षं शिकवत होती. मोठा भाऊ, दादा, ऑफिसात बसून फॉर्म भरायचा आणि ताई शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून देव आठवायची. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. एका दांड्याने तो मुख्य ब्रेकला जोडलेला असतो. शिकाऊ गांगरला की शिकवणाऱ्याने पाय ठेवायचा. डॅशबोर्डवर एक लाल दिवाही असतो. शिकवणाऱ्याने पाय लावला की तो पेटतो, म्हणजे परीक्षेच्या दिवशी साहेबाला कळतं की गाडी कोणी थांबवली. शिकाऊ लोक तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. तिला ते माहीत होतं. तिने किती खांब आणि किती कुंपणं वाचवली, त्याचा हिशेब त्या खांबांनी ठेवावा, असं ती म्हणायची.

ही गाडी स्कूलची पहिली, वडिलांनी घेतलेली. जुन्या पद्धतीची, मागच्या चाकांना ताकद देणारी, म्हणून ड्रिफ्टला बरी. भंगारात जाणारच होती. पण एका जुन्या विद्यार्थ्याने ताईला बंद पडलेल्या धावपट्टीवरचा हा खेळ दाखवला आणि ती दोन तास कुंपणाची जाळी धरून उभी राहिली. आयुष्यभर नाकासमोर चालवायला शिकवणारी बाई ती. हे लोक गाडी आडवी नेतात आणि तरी ती त्यांच्या हातात असते, हे तिला कुठल्याही जादूपेक्षा मोठं वाटलं.

गेल्या वर्षी ती पहिल्यांदा उतरली. दादाची अट होती, शेजारी तो बसणार. "तू शिकाऊ, मी शेजारी. हाच आपला नियम." तिसऱ्या वळणावर तिने हँडब्रेक ओढला, गाडीची शेपटी सुटायला लागली, आणि तेवढ्यात गाडीने कचकन दात रोवले, सरळ झाली आणि बंद पडली. कर्ण्यावरून कोणी तरी म्हणालं, ताईंनी ब्रेक मारला. लोक हसले. परतताना दादा समजावणीच्या सुरात म्हणाला, की सवय असते गं, पाय आपोआप जातो. ताईने ते खरं मानलं. बावीस वर्षांची सवय, जाणारच पाय. वर्षभर ती मूग गिळून बसली.

तीन आठवड्यांपूर्वी ती वेल्डरकडे गेली होती. मागच्या आसातले दाते जोडून दोन्ही चाकं एकत्रच फिरतील असं काम करून घ्यायचं होतं. त्याशिवाय गाडी नीट आडवी जात नाही. वेल्डर स्वतः या खेळातला. हँडब्रेक कधी सोडायचा ते दाखवायला त्याने मोबाइलवर गेल्या वर्षीचा तिचाच व्हिडिओ लावला, आयोजकांनी गाडीच्या आत बसवलेल्या कॅमेऱ्यातला. तिसरं वळण आलं. हँडब्रेक वर आला. आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटला.

ताईने व्हिडिओ चार वेळा मागे नेला. तिच्या स्वतःच्या पायाने तो दिवा पेटूच शकत नव्हता. हातच्या काकणाला आरसा कशाला?

 वेल्डरने चहा सांगितला.

म्हणून शनिवारी जेवताना ताई म्हणाली, की शेजारचा ब्रेक काढतेय आणि उद्या एकटी बसणार. दादाने घास खाली ठेवला.

"आणि गाडी ओढून कोण नेणार?"

तिथेच घोडं अडत होतं. मागची चाकं अशी जोडलेली गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी नसते, ट्रेलरवर चढवून ओढत न्यावी लागते. ओढणारी गाडी दादाची होती.

"तुझी नको," ताई म्हणाली.

"वडिलांनी स्वतः बसवलाय तो ब्रेक."

"वडिलांनी तो शिकाऊंसाठी बसवला, दादा. माझ्यासाठी नाही."

 वहिनी भांडी उचलताना म्हणाली, की यांचा पाय घरात सगळ्यांच्याच ब्रेकवर असतो, तुझ्या एकटीचं काय घेऊन बसलीस. दादा पाणी न पिताच उठला.

ताई गाडीखाली शिरली. वडिलांनी आवळलेले दोन बोल्ट गंजून गाडीच्या तळाशी एकजीव झाले होते. तिने गंज सोडवणारं तेल मारलं, अर्धा तास थांबली, पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून जोर लावला. पाइप निसटला आणि तिच्या अंगठ्याची साल गेली. तिने चिंधी बांधली, पुन्हा पाइप चढवला. पहिला बोल्ट कुरकुरत सुटला. दुसरा आधी शिव्या खाऊन, मग सुटला. दांडा निघाल्यावर तिने मुख्य ब्रेक दहा वेळा दाबून पाहिला, चाक फिरवून पाहिलं, गाडीच्या तळातली भोकं पत्रा आणि चिकटपट्टीने बंद केली. लाल दिवा तिने काढला नाही. राहू दे बिचारा, त्याने खरं सांगितलं होतं.

काढलेला ब्रेक तिने दादाच्या टेबलावर, कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवला. वाऱ्याने कागद उडत होतेच.

मग तिने फोन लावला. बिघडलेल्या गाड्या उचलून नेणारा ट्रकवाला तिचाच विद्यार्थी, तीन वेळा नापास झालेला. तो पाच वाजता आला आणि सामान चढवायला लागला: झिजलेले दोन जादा टायर, जॅक, टेकू, हवेचा पंप, इंजिनसाठी पाणी, तेल, आग विझवायची टाकी, हेल्मेट, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, केळी आणि उकडलेली अंडी.

"मॅडम, एक विचारू?" तो टायर ढकलत म्हणाला. "तीन परीक्षांना तुम्ही ब्रेक मारला, मी तीनदा नापास. चौथ्यांदा का नाही मारला?"

"गरज नव्हती."

"होती. कडेच्या दगडाला चाक लागणारच होतं माझं."

"पण तू गाडी सावरलीस ना?"

तो हसला. "सावरली खरी. कशी, ते मलाही माहीत नाही."

गाडी ट्रकवर चढली तेव्हा दादा ऑफिसातून बाहेर आला. हातात तो ब्रेक होता. त्याने वाकून गाडीत पाहिलं, बुजवलेल्या भोकांवर बोट फिरवलं, चिकटपट्टीचं सुटलेलं टोक दाबून बसवलं.

ताईने तेवढ्यात विचारलं. आज नाही तर पुन्हा कधीच नाही.

"गेल्या वर्षी पाय तू लावलास. दिवा पेटला होता."

दादाने ब्रेक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "लावला."

"आणि वर्षभर मला ऐकवलंस."

"गाडी जात होती गं."

"जायलाच तर गेलो होतो आपण."

तो खाली बघत राहिला. "मला वाटलं, गेली हातातून."

तिला चिडायचं होतं, आणि ती चिडलेली होतीही. त्याने माफी मागितली असती तरी तिने ब्रेक परत बसवला नसता. ती ट्रकमध्ये चढली, दार ओढून घेतलं आणि ट्रकवाल्याला म्हणाली, चल. काचेतून दादा मागे मागे जात राहिला.

उद्या ती वळणं घेईल. गाडी फिरेल, नाही तर गवतात जाईल; जे होईल ते तिचं असेल. पण गेल्या वर्षीचं ते तिसरं वळण आता कोणालाच परत घेता येणार नाही. ट्रक मोठ्या रस्त्याला लागला तरी ताईच्या डोक्यात तेच फिरत होतं: तो पाय पडला नसता, तर मी गाडी सावरली असती का?