नानाशेठची लाल पट्टी

नानाशेठ कॅज्युअल्टीत शिरले तेव्हा त्यांच्यासोबत अठरा माणसं होती. एकाच्या हातात उरलेला केकही होता. वाढदिवसाचा केक कापताना कुणा उत्साही कार्यकर्त्यानं स्प्रेचा फेस थेट शेठच्या डोळ्यात मारला होता.

चाकणजवळच्या एका हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीची सिस्टर इनचार्ज आहे. शेठचा डोळा मी लगेच सलाईननं धुतला. नजर ठीक होती. त्यांच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली आणि म्हटलं, "खुर्चीवर बसा, डॉक्टर बोलावतील."

आमच्याकडे याला ट्रायज म्हणतात. आधी कोण आला ते बघायचं नाही, आधी कोण दगावेल ते बघायचं. हिरवा थांबू शकतो, पिवळा थोडा वेळच थांबू शकतो आणि लाल अजिबात नाही. तेव्हा या पट्ट्या कापडी होत्या, गाठ मारायच्या.

"आवं सिस्टर, वाढदिवसाला शेठला असं बसवून ठिवता व्हय?" केकवाला म्हणाला. "अर्ध्या गावात खोल्या हायेत त्यांच्या!"

खोल्यांवर ट्रायज होत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं कुणाला तरी फोन लावला.

तेवढ्यात कंपनीच्या गाडीनं विलासला आणलं. वय चाळीसच्या आसपास, गाव लातूरकडचं, अंगावर युनिफॉर्म. सोबत सुपरवायझरची चिठ्ठी: 'ॲसिडिटी. इंजेक्शन देऊन परत पाठवणे.' कंपनीनं निदान, उपचार आणि डिस्चार्ज एकाच ओळीत उरकले होते.

"काही नाही ओ सिस्टर, गॅस झालाय. एक सुई द्या, शिफ्ट चालू हाय."

त्याचा शर्ट घामानं भिजला होता आणि तो सारखा डावा हात चोळत होता. मी लाल पट्टी बांधली, व्हीलचेअरवर बसवलं आणि डॉक्टरांना बोलवायला धावले. पडद्यामागे ते टाके घालत होते.

पाच मिनिटांत परतले, तर लाल पेशंट एक नंबरच्या बेडवर पोचलाही होता. स्टाफ जोरात कामाला लागला होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट कात्रीनं कापून झाला होता. ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटावेत म्हणून ब्रदर छातीवरचे केस भादरत होता.

बेडवर नानाशेठ होते.

"बघा, लाल म्हणल्यावर कसे पळत्यात सगळे!" केकवाला खुशीत होता.

"ही पट्टी कुणी दिली?"

"त्या कंपनीवाल्यानं. शेठचा भाडेकरू हाय. मानूस लई गुणाचा, मागितल्याबरोबर सोडून दिली. चाकाची खुर्चीबी दिली."

मी बाहेर धावले. विलास कुठे होता? हिरव्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीत. शेठची हिरवी पट्टी हाताला बांधून, भिंतीला डोकं टेकवून, नंबरची वाट बघत. ओठ पांढरे पडले होते.

पुढचं मी आणि ब्रदरनं पळतच केलं. त्याचा ईसीजी बघून डॉक्टर फक्त "कॅथलॅब!" म्हणाले. मोठा हार्ट अटॅक होता. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली आणि तो वाचला. अजून दहा मिनिटं तो तसाच बसला असता तर, हा विचार आजही माझी झोप उडवतो. त्याला एकटं सोडलं ही चूक माझीच.

नानाशेठचा ईसीजी उत्तम आला. डोळ्यात टाकायचे थेंब घेऊन ते चादर पांघरून घरी गेले. आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागला: 'भाडेकरूचे प्राण वाचविल्याबद्दल नानाशेठ यांचे हार्दिक अभिनंदन!' फोटोत शर्ट नवा होता.

अटॅकच्या दुसऱ्याच दिवशी मी आयसीयूत विलासला भेटले होते. चांगलंच झापायचं ठरवून गेले होते.

"मालकाला नाही कसं म्हणावं सिस्टर? लेकरांच्या शाळा हितंच हायेत," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "शेठचा डोळा बरा हाय का? खोलीचं काही बोलले का?"

मला झापता आलं नाही.

आता आमच्या पट्ट्या प्लास्टिकच्या आहेत, नाव छापलेल्या, कात्रीशिवाय न निघणाऱ्या. तरीही लाल पट्टी बांधली की छातीत कुठं दुखतंय हे मी नंतर विचारते. आधी विचारते, "बाहेर तुमचे घरमालक बसलेत का?"