विमानाचं उलथनं

आमच्या गल्लीतल्या सुभेदार आबांकडे लढाईतली एक आठवण आहे. शत्रूच्या पाडलेल्या बॉम्बर विमानाचा पत्रा कापून त्यांच्या तुकडीतल्या कारागिराने उलथनं केलं आणि त्यावर आबांचं नाव कोरलं. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी ते आणतो, असं मी सरांना सांगून बसलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सरांपुढे खोटं पडायची भीती वाटत होती.

आबांना विचारून ते न्यायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी, काकी, त्याच उलथन्याने भाकरी उलटत होत्या.

"काकी, यावरचं नाव दिसत नाही?" मी चाचरत विचारलं.

"रोज राखेनं घासते. गेलं असंल."

"शत्रूला जमलं नाही, ते हिनं केलं," आबा हसले. "माझं नाव पुसलं!"

"मग काळ्या उलथन्यानं उलटलेली भाकरी खाणार होता व्हय?"

भाकरी टम्म फुगली. बॉम्ब घेऊन निघालेला तो पत्रा किती हलक्या हाताने तिच्याखाली शिरत होता! काचेच्या पेटीत ठेवलं तर हे कुणाला कसं कळणार?

"न्यायचंय ना? धुऊन देते," काकी म्हणाल्या.

"नको," मी म्हणालो. "उद्या सरांनाच इकडं जेवायला आणलं, तर चालेल?"