भाडं कोणाच्या हातात दिलं

दार उपटून राहिले होते. लेकरू अंगावर पेत होतं माह्या, अन् दोन माणसं चौकटीतून दाराची फळी उपटून राहिले होते. पदर ओढू का लेकरू धरू का दार धरू, काही सुचेना. सारा रस्ता घरात दिसाले लागला. रस्त्यावरचे लोक थांबून थांबून मले पाहून राहिले. मालकाचा दिवाणजी दूर उभा, नाकाले धोतराचा सोगा लावून.

थो म्हणे, "भाडं द्याले नाही, मंग दार कायले पायजे वं तुले?"

मी म्हटलं, भाडं तं दिलं. उशिरा दिलं, पण दिलं. थो हासला. बिनकामाचं कोणी असं हासत नाही. मले तेव्हाच शंका आली.

उशीर झाला हे खरं हाय. माहा माणूस मिलमंदी कामाले. हिवतापानं खाटेवर पडला अन् पगार कटला. त्यात मी बाळंतीण. दोन महिन्याचं भाडं थकलं. मंग थो कामावर गेला, पगार आला, तसं मी सारं भाडं एका बारीनं नेऊन ठेवलं. ठेवलं म्हणजे ठेवलंच. आमी महार. आमच्या खोल्यांच्या लायनीच्या तोंडाशी एक दगड हाय. दर महिन्याले दिवाणजी तठी येते. बायांनी दगडावर पैसे ठेवायचे अन् मांगं सरायचं. थो लोट्यातलं पाणी शिंपडते, मंग पैसे उचलते. माही सासू असंच देत होती, मीबी तसंच दिलं; पावती कधी कोणाले भेटली नाही.

पण तिकडं जर्मनची लढाई सुरू झाली अन् इकडं खोल्या महागल्या. आमच्या खोलीले दुप्पट देणारे लोक मालकाच्या दारी बसून राहत. हे मले मांगून समजलं.

थ्या दिवशी दार वाचलं थे शेजारच्या भागाबाईमुळं. म्हातारी आली अन् उपटलेल्या फळीवर मांडी घालून बसली. म्हणे, उचला माह्यासकट. आता तिले शिवन कोण? शिवले असते तं हिवाळ्यात आंघोळ करा लागली असती. माणसं दिवाणजीच्या तोंडाकडं पाहत, दिवाणजी फळीकडं पाहे. शेवटी म्हणे, कोर्टात पाहतो तुमाले. अन् गेला.

कोर्टाचं बोलावणं आलं. माणसानं सुटी घेतली असती तं नोकरी गेली असती, अन् भाडं तं मी ठेवलं होतं. मीच गेली, लेकरू घेऊन. चपराशानं दाराजवळच उभं केलं, पुढं येऊ नको म्हणे. मालक खुर्चीवर. माह्याकडून बोलणारं कोणी नाही. मालकाचा वकील लय गोड बोलला. बाई म्हणे, भिऊ नको म्हणे. थो असा गोड बोलला तसं मी लेकरू घट्ट धरलं.

मंग त्यानं इचारलं, "भाडं तू कोणाच्या हातात दिलं?"

मी म्हटलं, "हातात नाही दिलं."

थो न्याय करणाऱ्या साहेबाकडं वळला. हुजूर, बाई स्वतःच कबूल करून राहिली. लोक हासले. माह्या कानातून वाफा निघाल्या. दिवाणजीनं गंगेची शपथ घेतली, हिच्या हातातून मी एक पैसा घेतला नाही म्हणे. अन् शपथ खोटी नव्हती. मी तिसरीपर्यंत शिकली, थेबी शाळेच्या व्हरांड्यात बसून. पण तेवढं मले समजलं. शपथ खरी होती अन् माणूस खोटा होता.

लेकरू रडाले लागलं. साहेब कागद सरकवून राहिला. मी त्याले खांद्याले लावलं अन् बोलली. "हुजूर, याले इचारा, भाडं थकलं नव्हतं तेव्हाचं यानं कोणाच्या हातातून घेतलं?"

वकील म्हणे, याचा अठी काही संबंध नाही. पण साहेबानं मान वर केली अन् दिवाणजीले तेच इचारलं.

दिवाणजी म्हणे, "हातातून कसं घेईन, हुजूर? बाटणार नाही का मी?"

हातातून घेतच नाही, हे त्याच्याच तोंडून निघालं. मालकानं खुर्चीतच पाय आखडले.

तुमाले वाटन मी जिंकली. कायची जिंकली? साहेब म्हणे, खोली तुह्याकडंच राहीन, पण दिल्याचा पुरावा नाही, थकलेलं भाडं कोर्टात भर. म्हणजे तेच भाडं दुसऱ्यांदा. माहेरचे कानातले विकले अन् भरलं. थो साहेब भला होता का मालकाचाच होता, मले अजून उमजलं नाही.

पुढच्या महिन्याले दिवाणजी आला, लोटा घेऊन. साऱ्या बाया ठेवून सरकल्या. माही पाळी आली तं थो मले म्हणे, "ठेव, माय." जन्मात कधी माय म्हटलं नव्हतं त्यानं.

मी मूठ उघडली नाही. म्हटलं, "हात पुढं करा."

"डोकं फिरलं का वं तुहं?"

"दगडावर ठेवणार नाही. हातात घ्या, नाही तं कोर्टात भरीन."

भागाबाईनं माहा दंड धरला. ठेव वं पोरी, लेकरू हाय तुह्या पदरात, म्हणे. फळीवर बसली थेच भागाबाई. थे भिऊन बोलली का कोणी तिले शिकवून ठेवलं होतं, देव जाणे. मी तिच्याकडं पाहिलंच नाही. मूठ तशीच ठेवली. दिवाणजी पाणी तठीच सांडून चालला गेला.

रात्री माणूस लय बोलला. आपल्याले रस्त्यावर आणशीन म्हणे. म्हटलं, आणीन तं आणीन. खोली गेली तं दुसरी पाहू, मिलच्या भिंतीले टेकून राहू. पण ज्याले माहा हात चालत नाही त्याले माहा पैसा चालणार नाही. माही पोरगी मोठी झाली तं तिच्या हातूनबी मी दगडावर काही ठेवू देणार नाही.

आता परत नोटीस येईन. येऊ द्या.

तुमी मले अडाणी म्हणा, हेकट म्हणा. पण कडेवर लेकरू हाय, समोर पाण्याचा लोटा हाय, अन् थो म्हणते ठेव, माय. सांगा मले, तुमी काय केलं असतं?