मीटरच्या फळीमागची गाठ

गयामावशींसमोर लोंबता दोरा घेऊन कुणी उभं राहायची सोय नव्हती. पदराचा असो, पिशवीच्या बंदाचा असो, सुटलेला दोरा दिसला की बोलणं न थांबवता त्यांचा हात पुढे यायचा, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर एकदा फिरायची आणि गाठ बसलेली असायची. बोट फिरवलं तरी लागणार नाही इतकी बारीक. मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले त्या दिवशी त्यांनी माझ्या शालूचा निघालेला जरीचा धागा असाच सांधला, आणि मग माझं नाव विचारलं.

आमच्या चाळीच्या मागेच गिरणीची भिंत होती. मावशी तिथे वाइंडिंग खात्यात होत्या. समोर रिळांची रांग फिरत असायची, सूत तुटलं की टोक शोधायचं, गाठ मारायची आणि पुढच्या रिळाकडे वळायचं. मुकादमाची फेरी येण्याआधी गाठ बसली तर सूत तुटलंच नव्हतं, असा तिथला हिशोब. मग संप झाला, लांबत गेला आणि मावशींना परत बोलावणं आलं नाही. नवरा गावाकडे गेला तो तिथेच खंगून वारला. मावशींनी गोधड्या शिवून, साड्यांना फॉल लावून एकटीने लेकीला, सुनंदाला, वाढवलं. त्या दिवसांत घरात शिजवायला काही नसलं, तरी त्या वेळेवर स्टोव्हला पंप मारून नुसतं पाणी उकळत ठेवायच्या. स्टोव्हचा आवाज शेजारी गेला पाहिजे. हे मला सुनंदाने फार उशिरा सांगितलं. मावशी एवढंच म्हणायच्या, “तुटलं म्हणून बोंबलत फिरायचं नसतं गं. सांधायचं असतं.”

पुढे मी घरी टायपिंग आणि पुस्तकांची पानं लावायचं काम सुरू केलं. एक कॉम्प्युटर माझ्या खोलीत. काम वाढल्यावर दुसरा घेतला, पण तो ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती. मावशींची खोली आमच्याच गॅलरीत, दोन दारं सोडून. दुसरा कॉम्प्युटर तिथे ठेवला आणि सुनंदा त्यावर बसू लागली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिला जिना चढणं-उतरणं जड जायचं. बाहेर दोन ठिकाणी नोकरी धरून महिना भरायच्या आतच तिने सोडली होती. गिरणी बंद पडल्यापासून त्या घरात महिन्याचा पहिला पगार आला तो या कामाचा. मावशींनी त्या दिवशी कॉम्प्युटरवर घालायला जुन्या साडीचं आच्छादन शिवलं.

दोन्ही कॉम्प्युटर जोडणारी तार मी गॅलरीच्या छतालगत, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या आकड्यांना बांधून नेली. पुस्तकं माझ्या कॉम्प्युटरवर असायची, सुनंदा तारेवरून ती उघडून काम करायची. वर्षभर सुरळीत चाललं. मग एका उन्हाळ्यात तिचा कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरला मधूनच दिसेनासा होऊ लागला. ती पान जतन करायला जायची आणि नेमका तेव्हाच संबंध तुटायचा. कधी पान अर्धंच उरायचं, कधी सबंध प्रकरण खराब व्हायचं.

अशा वेळी माझी पद्धत ठरलेली आहे. क्रम लावायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं. दोन्ही टोकांचे प्लग काढून पुन्हा बसवले. तार जिच्यातून जाते त्या मधल्या डबीचे, म्हणजे हबचे, दिवे पाहिले. दोन्ही कॉम्प्युटरचे नेटवर्कवरचे पत्ते तपासले, व्हायरस अडवणारा प्रोग्रॅम बंद करून पाहिला, डबी बदलली. मी हे सगळं सकाळी, काम सुरू होण्याआधी करायची, आणि सकाळी सगळं ठणठणीत असायचं. दुपारी मी छापखान्यात मजकूर पोचवायला गेले की पुन्हा तेच. सुनंदा म्हणायची, ताई, मी काहीच केलं नाही. तिचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. मावशी दारात बसून फॉल लावत असायच्या, आमचं बोलणं ऐकायच्या.

छापखान्याने शेवटी सांगितलं की पुढचं पुस्तक वेळेत आणि नीट आलं नाही तर काम दुसरीकडे जाईल. मी व्यवहाराने विचार केला. दोन्ही कॉम्प्युटर माझ्या खोलीत शेजारी-शेजारी ठेवले तर लांब तारेची कटकटच नको. दुसऱ्यावर संध्याकाळी माझे यजमान बसतील. तिसऱ्या माणसाला खोलीत जागा नव्हती. शनिवारी मी सुनंदाला सांगितलं की सोमवारी कॉम्प्युटर हलवूया. तिने मान हलवली आणि त्यावरचं साडीचं आच्छादन घडी करून ठेवलं.

त्याच संध्याकाळी मावशी माझ्या दाराशी आल्या. एरवी सरळ आत येऊन बसणारी बाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“सुधा, तार मी तोडली. लुगडं वाळत घालताना काठी अडकली.”

“कधी?”

“होळीच्या आसपास. पण लगेच सांधली.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

त्यांना प्रश्न कळला नसावा असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “सांधल्यावर सांगतात का?” मग आवाज खाली गेला. “पोरीला काढू नको. माझं नाव काढ.”

माझ्याकडे गिरणीसारखा कुठलाच हजेरीपट नव्हता आणि असता तरी त्यावर त्यांचं नाव नसतं. मी स्टूल घेऊन त्यांच्यामागून गेले.

त्यांच्या दारावर जुन्या मीटरची लाकडी फळी आहे. तिच्यामागे, चिकटपट्टीत गुंडाळलेला, तो सांधा होता. आत रंगीत बारीक तारा, दातांनी सोललेल्या, आणि प्रत्येकीला वेगळी गाठ. सुताच्या गाठीला ओढ बसली की ती घट्ट होते. तांब्याच्या तारेची प्रत्येक ओढीला सैल होत जाते. सकाळी गॅलरीत वारा नसतो, दोरीवर कपडेही नसतात. दुपारी ओली लुगडी पडायची, समुद्राचा वारा सुटायचा, आकडे हलायचे आणि मागे गाठी निसटायच्या, पुन्हा टेकायच्या. माझ्या तपासणीच्या क्रमात कपडे कुठेच नव्हते.

रविवारी नवी तार आणून भिंतीकडेने खिळ्यांवर बसवली. जुनी कापताना मावशी खाली उभ्या होत्या.

“फेकतेस?”

“हो मावशी. तारेला गाठ चालत नाही.”

“गाठ चांगली होती पण,” त्या म्हणाल्या.

सुनंदाचं काम राहिलं. छापखानाही राहिला. मावशी मात्र बदलल्या. माझ्या घरातलं बारीकसारीक त्या येऊन सांगू लागल्या: कपाचा कान उडालाय, नळ गळतोय, तारेवर पाल बसलीय, मी हात लावलेला नाही. एकदा माझ्या ब्लाउजच्या बाहीचा दोरा सुटला होता. त्यांचा हात सवयीने पुढे आला आणि मध्येच थांबला. “दोरा निघालाय तुझा,” एवढंच बोलल्या. मी बाही पुढे करून म्हटलं, मावशी, सांधा की. त्यांनी सांधली, पण माझ्याकडे बघत बघत, परवानगी मागितल्यासारखं.

खोकला त्यांना पूर्वीपासून होता. गिरणीतली रुई छातीत बसलेली माणसं आमच्या चाळीत कमी नव्हती. त्यामुळे तो वाढला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, थुंकीतून रक्त कधीपासून जातंय. सुनंदाला ठाऊक नव्हतं. मावशी खोकताना तोंडाला लावलेली फडकी स्वतःच धुवून, सर्वांच्या आधी, गॅलरीच्या टोकाला वाळत घालत होत्या.

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, माझा फुटका कपसुद्धा सांगायला येत होतात, मग हे?

त्या थकल्या होत्या, तरी हसल्या. “हे माझं होतं ना गं. तुझी तार थोडीच होती?”

त्या परत आल्या नाहीत.

सुनंदा अजून त्याच खोलीत बसते. ओळखीपाळखीतले लोक घरचे कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत म्हणून मला बोलावतात, आणि माझा क्रम अजूनही तोच आहे. फक्त प्लग आणि दिव्यांच्या आधी मी एक प्रश्न घातला आहे: आधी कुणी काही दुरुस्त केलंय का? आणि तो विचारण्याआधी घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकते की कुणाचंही नाव काढायचं नाही.